तक्रारीचा कॉल मोफत

काळीपिवळीच्या मधल्या सीटवर चौथ्या माणसाला जागा नसते, ती करून घ्यावी लागते. रनाळ्याच्या फाट्यावर हेमांगीने ती करून घेतली. पर्स मांडीवर आपटली, फोनचं बिल मुठीत चुरगाळलं आणि शेजारी कोण बसलंय हे न बघताच बोलायला लागली. बोलत होती स्वतःशीच. तालीम चालली होती.

"नमस्कार, मी रनाळ्याहून आले... छे! नमस्कार कशाला? लुटारूंना कोण नमस्कार करतं?"

"करावा," शेजारून आवाज आला. "म्हणजे लुटारूला वाटतं बाई साधी आहे. मग तो गाफील राहतो."

तिने मान वळवली. चौकटीचा शर्ट, मांडीवर डब्याची पिशवी, आणि चेहऱ्यावर असं हसू की जगात भांडण नावाची गोष्टच नाही.

"तुम्हाला विचारलं कोणी?"

"नाही. पण तुमचं कोपर माझ्या बरगडीत आहे, त्यामुळे मी थोडा त्या भांडणात आलोच." त्याने अंग चोरलं. "कोणाशी भांडायचंय?"

आता राग पोटात दाबून धरलेल्या माणसाला असं कोणी विचारलं, की मग काय राहतं? हेमांगीने सगळं सांगितलं. घराच्या ओसरीलगतच्या खोलीत तिने इंटरनेट केंद्र काढलं होतं. गावातली पोरं निकाल बघायला येत, सुरतेला गेलेल्या माणसांची पत्रं आणि फोटो यायचे, कोणाला कापसाचा भाव हवा असायचा. फोनच्या तारेला मोडेम जोडलेला. तो नंबर फिरवायचा, चिरकायचा, किंचाळायचा, आणि लागला तर नेट लागायचं. या चिरकण्याचे सूर्यकन्या टेलिकॉम नावाची कंपनी पैसे लावत होती. किती आणि कसे, हे तिला बिल आल्यावर कळलं.

सूर्यकन्येचं नाव निघताच शेजाऱ्याला ठसका लागला.

"काय झालं?"

"काही नाही. मिरची."

खरंच, जीप नंदुरबारजवळ आली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली, जणू कोणी शेतांना गालिचा घातलाय. वारा आत शिरला आणि अख्खी जीप शिंकायला लागली. त्याने रुमाल पुढे केला. घडीचा, स्वच्छ. तिने तो घेतला, कारण नाक कोणाच्या मर्जीने वाहत नाही.

"एक सल्ला देऊ?" उतरता उतरता तो म्हणाला. "तिथे पहिल्या खिडकीवर जो बसतो, त्याच्यावर ओरडू नका. बिचाऱ्याच्या हातात काही नसतं."

"मी त्याच्यापासूनच सुरुवात करणार आहे," हेमांगी म्हणाली.

तो हसला आणि मिरचीच्या वाऱ्यात दिसेनासा झाला. रुमाल तिच्याकडेच राहिला.

पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. सूर्यकन्येच्या कार्यालयात पहिल्या खिडकीवर ती पोचली, बिल काचेखालून सरकवलं, वर बघितलं, तर चौकटीचा शर्ट. गळ्यात ओळखपत्र. भावेश पाटील, ग्राहक सेवा.

"नमस्कार मॅडम," तो म्हणाला. "आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे."

"तुम्ही... तुम्ही मघाशी बोलला नाहीत!"

"तुम्ही लुटारू म्हणालात. ओळख सांगायची हिंमत झाली नाही."

मागे रांग. वर पंखा. हेमांगीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. लाजेचं किती आणि रागाचं किती, हे तिने त्या दिवशी तरी तपासलं नाही.

"मग आता सांगा," तिने काचेवर बोट आपटलं. "मी फोनवर बोलले की तीन मिनिटांचं एक युनिट. मोडेम बोलला की एका मिनिटाचं एक. का?"

"मॅडम, मोडेमचा दर वेगळा आहे."

"तार तीच ना?"

"तीच."

"खांब तोच? खांबावरचा कावळा तोच?"

"कावळ्याचं सांगता येत नाही." त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात पुन्हा ते हसू आलं.

"हसू नका! माझा आवाज गेला तर स्वस्त आणि मशीनचा गेला तर महाग? मशीनचा आवाज काय जाड असतो, तारेला भार होतो त्याचा?" बोलता बोलता तिची शाळेतली मराठी सुटली आणि घरची भाषा बाहेर आली. "आन् लागनाच नही, त्याना बी पैसा? नुसता चिरकना, बंद पडना, तरी युनिट? हाई कोनतं गनित शे?"

रांगेतून कोणीतरी "बरोबर शे, बरोबर शे" म्हणालं. भावेशने बिलाकडे पाहिलं. हसू क्षणभर विझलं.

"आमच्या मशीनने फोन उचलला की सेवा दिली असं धरतात," तो हळू म्हणाला. "पुढे नेट लागो न लागो."

"आणि तुम्हाला हे पटतं?"

त्याने बिल घडी करून परत काचेखालून सरकवलं. मग परत तेच गुळगुळीत वाक्य. "आपली तक्रार आमच्यासाठी..."

ते पूर्ण व्हायच्या आत ती पायऱ्या उतरली होती. मुठीत बिल होतं. रुमालसुद्धा.

*

सूर्यकन्येच्या सगळ्या नंबरांना पैसे पडत, एक सोडून. तक्रारीचा कॉल मोफत. हेमांगीने ठरवलं, हे लोक फुकट देतात ती एकच गोष्ट आहे, तर ती पोटभर घ्यायची.

ती रोज फोन करायला लागली. आणि दुपारच्या वेळी तो फोन भावेशच उचलायचा.

"आज काय झालं मॅडम?"

"आज कपाळापर्यंत आला आणि गेला."

हे कपाळ दगूबाईच्या पणतूचं. दगूबाई म्हणजे शेजारची म्हातारी. तिच्या नातवाला सुरतेत मुलगा झाला होता आणि नातसुनेने त्याचा फोटो ईमेलने पाठवला होता. फोटो पडद्यावर वरून खाली उतरायचा, अगदी सावकाश, जणू कोणी जिना उतरतंय. आधी टोपरं, मग टोपऱ्याखालची जावळाची बट, मग कपाळ... आणि खट्. लाईन तुटली. मोडेम पुन्हा नंबर फिरवायचा, चिरकायचा, पुन्हा तुटायचा.

"टोपरं दखनं, कपाय दखनं," दगूबाई पदराने डोळे पुसत म्हणायची. "त्यान्या पुढे काही शे का नही त्या पोऱ्याले?"

हे सांगताना हेमांगीचा आवाज कापायचा, रागाने. आणि पलीकडून तो हसायचा. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात.

"तुम्हाला राग येतच नाही का हो कधी?" एकदा तिने विचारलं.

"खिडकीच्या आत राग ठेवायला जागा नाही मॅडम. स्टूल, फोन आणि मी. एवढंच मावतं."

"मॅडम म्हणू नका."

"मग काय म्हणू? ताई?"

खोलीत मोडेमचा लाल दिवा लुकलुकत होता.

"...ताई नको," हेमांगी म्हणाली आणि रिसीव्हर ठेवून दिला. मग कितीतरी वेळ त्या रिसीव्हरकडेच रागाने बघत बसली.

तिचे वडील रतिलालभाई, तिच्यासाठी दादा, ओसरीवरून हे बघत. चांगला माणूस, पण त्यांच्या डोक्यात खोलीचा हिशेब वेगळा होता. मुलाच्या खताच्या गोण्या गोठ्यात ओल धरत होत्या.

"आंडेर," ते लेकीला म्हणाले, "मी काही तुन्हा दुश्मन नही. पन कंपनीनं सांगेल शे, बिल भरा, नही तं लाईन कापतस. फोन कटना का खोली खताले. आते तूच दख."

बिल भरायला ती तयार होती. पण न लागलेल्या कॉलचे पैसे? ते भरायला तिचा हातच उठत नव्हता. ते भरले की ते बरोबर होते असं होतं ना!

*

शेवटी कंपनीने पाहणीला माणूस पाठवला. तिथे जायला इतर कोणी तयार नव्हतं, म्हणून तो भावेशच निघाला. निदान त्याने तरी तसं सांगितलं.

तो आला तेव्हा हेमांगीच्या केसांना नुकतंच तेल लागलेलं, आणि दगूबाई आधीच खुर्ची टाकून बसलेली. हेमांगीने चहा आणला, ठक्कन ठेवला. भावेशने कप उचलला आणि तिच्याकडे बघताना बशीत सांडला.

"काचेशिवाय तुम्ही बुटके दिसता," ती म्हणाली.

"काचेशिवाय तुम्ही जास्त भांडखोर दिसता."

"वं पोरी, मशीन लाव, दोन्ही मंग भांडा," दगूबाईने निकाल दिला.

मोडेम किंचाळला आणि पहिल्याच झटक्यात लागला. फोटो उतरायला लागला. टोपरं. जावळ. कपाळ. तिघेही पुढे वाकले. माऊसवर हेमांगीचा हात होता, टेबलाच्या कडेवर भावेशचा, आणि दोघांच्या मध्ये एका बांगडीएवढी जागा. भुवया दिसायला लागल्या, दोन पुसट रेषा... आणि तेवढ्यात शिवारातून एक घरघर उठली. एक, मग दुसरी, मग चहूबाजूंनी. खट्. लाईन तुटली. मोडेमने पुन्हा नंबर फिरवला. चिरकला. तुटला. पुन्हा.

"हे काय?" भावेशने रिसीव्हर कानाला लावला. आत भुंग्यांचं पोळं घोंगावत होतं.

"मोटारी. शेतीची लाईट आली," हेमांगी म्हणाली. "सगळ्यांनी पंपाला ऑटो बसवलंय. लाईट आली की मोटार आपोआप चालू. रात्रीबेरात्री शेतात जायला नको म्हणून. तुमची तार त्यांच्याच तारेला खेटून आलीय."

"आणि तुमचा मोडेम? तुटला की पुन्हा नंबर कोण फिरवतं?"

हेमांगी थांबली. ओठ चावला.

"...त्यालाही मी ऑटो लावलंय. दादांच्या पंपासारखं."

भावेशच्या नजरेत हसू तरारलं. शेतात एक ऑटो, टेबलावर एक ऑटो. एक तोडतो, दुसरा जोडू बघतो, आणि मीटर मात्र दोघांच्या मधे बसून जेवतो. हेमांगीलाही क्षणभर हसू फुटणार होतं, पण तिने ते गिळलं.

"ऑटो मी काढते. ती चूक माझी. पण न दिलेल्या सेवेचे पैसे घेणं ही चूक तुमची. दुधाची किटली रिकामी घेऊन आलेल्या माणसाला कोणी लिटरचे पैसे मागतं का?"

"नाही," तो म्हणाला. यावेळी ते वाक्य त्याने म्हटलं नाही. नुसतं "नाही" म्हणाला, आणि तिच्याकडे असं पाहिलं की तिला मोडेमची वायर उगाचच नीट करावी लागली.

जाताना तो ओसरीवर घुटमळला. "माझा रुमाल..."

"धुवायला टाकलाय," ती खोटं बोलली. तो तिच्या उशीखाली होता.

*

दोन-चार दिवसांनी फोन वाजला. पहिल्यांदाच त्याने केला होता. आवाजात अशी उकळी की विचारू नका.

"हेमांगी! झालं! तुझं बिल माफ झालं. मी साहेबांच्या मागे लागलो. न लागलेले सगळे कॉल वजा. लाईन कापणार नाहीत. फक्त बाहेर बोलायचं नाही, बाकीच्यांचं तसंच राहणार आहे ना... आता तरी हस की!"

पहिल्यांदाच "हेमांगी". पहिल्यांदाच "तू". ज्या दिवशी हे ऐकून तिने कमरेला पदर खोचून अंगणभर नाचायला हवं होतं, त्या दिवशी तिने त्यातला एकच शब्द पकडला.

"बाकीच्यांचं म्हणजे? धानोऱ्याच्या सुकलालभाऊंचा कॉम्प्युटर क्लास आहे, त्यांचं?"

"त्यांनी कुठे तक्रार केली?"

"त्यांना माहीतच नाही की तक्रार करता येते! भावेश, मी रोज घसा फोडत होते तो कशासाठी? मला सूट हवी होती म्हणून? मी म्हणत होते हे चूक आहे. आणि तुम्ही माझं तोंड बंद करायला खाऊ आणलात!"

"मी... मी तुझ्यासाठी..."

"तेच! माझ्यासाठी! उद्या गाव विचारेल, खिडकीवरच्या पोराने रतिलालच्या पोरीचंच बिल का माफ केलं? मग काय सांगू? माझं खरं होतं म्हणून, का माझे डोळे चांगले होते म्हणून?"

ती थांबली नाही.

"माझं बिल होतं तसं ठेवा. सगळ्यांचं कमी करा, नाहीतर माझंही करू नका. लाईन कापायची तर कापा." आणि मग, घरच्या भाषेत, अगदी हळू, "माले वाटनं, तुले बी राग येस."

तिने रिसीव्हर ठेवला. ठेवला आणि तिथेच टेबलावर डोकं टेकलं. ओसरीवर रतिलालभाई उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आयती चालून आलेली माफी पोरीने परत केली, याचा अर्थ खोली गोण्यांना मोकळी. पण त्यांनी खांद्यावर टॉवेल टाकला आणि ते शेताकडे चालू लागले.

त्यानंतर हेमांगीने तक्रारीचा नंबर फिरवला नाही. दुपार यायची आणि फोनकडे न बघण्यातच निघून जायची. फुकटची गोष्ट इतकी महाग पडते हे तिला कुठे माहीत होतं?

*

मिरचीचा वारा सुटलेल्या एका सकाळी काळीपिवळी फाट्यावर थांबली आणि भावेश ओसरीसमोर येऊन उभा राहिला. केस विस्कटलेले, डोळे लाल, ओळखपत्र गळ्यात नाही. हसू? त्याचा पत्ताच नव्हता.

"मन्हं डोकं फिरी गयं!" तो आल्या आल्या म्हणाला.

हेमांगी दारातच थबकली. त्याला इतक्या मोठ्या आवाजात तिने कधी ऐकलं नव्हतं. आणि या भाषेत तर नाहीच.

"काय झालं?"

"काय व्हई? खिडकीवर मोडेमवाला जो येईल त्याले सांगाले लागनू, भाऊ, तुन्हा न लागेल कॉलना बी पैसा कापाई ऱ्हायनात, तक्रार कर. सुकलालभाऊ धानोराहून उना, आख्खा क्लास लई उना! पायऱ्यांवर बशी गया बठ्ठा पोऱ्या. साहेब माले म्हने, तू कंपनीना का त्यासना? मी म्हननू, मी खराना!" त्याला धाप लागली. "शेवटी साहेब वाकना. आतेपासून नेट लागनं नही तं पैसा नही. बठ्ठासले, एकली तुलेच नही. पन मांगलं बिल माफ नही म्हनतस! मांगलं काबर नही? चोरी काल कयी तं ती चोरी नही का?"

हेमांगी त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस लाल झाला होता, थुंकी उडत होती, हातवारे चालले होते. इतका देखणा तो काचेमागे कधीच दिसला नव्हता. आणि तिला हसू फुटलं. पोट धरून, खांबाला टेकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ती हसली.

"आते तू हसी ऱ्हायनी?" तो आणखीच भडकला. "मन्ही खांडबाराले बदली करी टाकी त्यासनी!"

हसू थांबलं. "खांडबाऱ्याला?"

"तठली खिडकी." तो जरा निवला. "...गाडी शे म्हना. रविवारे येता येस."

तेवढ्यात दगूबाई काठी टेकत आली. "चाल वं पोरी, लाव मशीन. आज तुन्हा बापनी सांगेल शे, उतरी म्हने."

"दादांनी? काय सांगितलं?"

"ऐक जराशी."

हेमांगीने कान दिला. उन्हं वर आली होती, शेतीची लाईट केव्हाच आली असणार. पण शिवार गप्प होतं. एकही मोटार नाही. दूर बांधावर रतिलालभाई उभे होते, खांद्यावर टॉवेल, आणि त्यांच्या पलीकडे शेजारचे शेतकरी आपापल्या विहिरीपाशी बसून विड्या ओढत होते. रतिलालभाई घरोघरी जाऊन सांगून आले होते, म्हातारीचा पणतू उतरेपर्यंत ऑटो काढून ठेवा रे.

तिने दगूबाईची खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि मोडेम लावला.

टोपरं. जावळ. कपाळ. भुवया. मग, जिथवर फोटो आजवर कधी पोचला नव्हता ते... दोन डोळे, मिटलेले. बटणाएवढं नाक. फुगलेले गाल. आणि शेवटी तोंड. ते उघडं होतं, वेडंवाकडं, रागाने ताणलेलं. पोर टाहो फोडून रडत होतं.

"व माय!" दगूबाईने पडद्याला बोटं लावून कडाकडा मोडली. "कितला रागे भरेल शे!"

ती पडद्याशी बोलत राहिली, त्या रागावलेल्या जिवाची दृष्ट काढत राहिली. हेमांगीने ओसरीवर जाऊन टॉवेल हलवला, आणि बांधावरून तसाच टॉवेल हलला. मग एक मोटार घरघरली, दुसरी, सगळ्या. खट्. लाईन तुटली. मोडेमने पुन्हा नंबर फिरवला नाही. त्याचा ऑटो तिने केव्हाच काढला होता.

भावेश दाराशी उभा होता, डोळे पुसत.

"मिरची?" तिने विचारलं.

"नही." त्याने मान हलवली. "तुन्हा भांडनबिगर माले गमत नही, हेमांगी. दुपार व्हयनी का फोनकडे दखस. दुसरं कोनी बोलनं का माले त्याना राग येस. आते रागच येस माले, तूच सुरू करी दिन्हा."

तिने ओच्यातून घडीचा रुमाल काढला आणि त्याच्या हातात ठेवला. हात मात्र परत घेतला नाही.

"मन्ही एक तक्रार शे," ती म्हणाली.

"सांग."

"हाई बोलाले इतला उशीर काबर लागना?"

तो ताठ उभा राहिला, खिडकीत बसल्यासारखा. घसा खाकरला. आणि तेच शाळेतलं, गुळगुळीत, रोज तिच्या अंगाचा तिळपापड करणारं वाक्य म्हणायला लागला.

"आपली तक्रार आमच्यासाठी..."

पुढचं त्याला म्हणता आलं नाही.

"...मोलाची आहे," हेमांगीने ते पुरं केलं. पहिल्यांदाच तिला त्या वाक्याचा राग आला नाही.